चढ इंजिनाचा, उतार ब्रेकचा

बुलढाणा जिल्ह्यात माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक घाटावरचे आणि दुसरे घाटाखालचे. जात, पक्ष, गट या बाकीच्या गोष्टी निवडणुकीपुरत्या. लग्न जमवताना मात्र पहिला प्रश्न, "पोरगी घाटावरची का घाटाखालची?" बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा ही मंडळी वर, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली. इंग्रजाने जिल्ह्याची कचेरी वर नेली, कारण त्याला स्वतःला खालचा उन्हाळा सोसत नव्हता. आणि रेल्वे खाली टाकली, कारण त्याच्या इंजिनाला वरचा चढ सोसत नव्हता. तेव्हापासून वरच्यांकडे हवा आहे आणि खालच्यांकडे गाडी. दोघंही आपापल्या दैवाचा अभिमान बाळगून आहेत.

आमचं घर बुलढाण्याला, म्हणजे वर. आईचं माहेर मलकापूरला, म्हणजे खाली. आणि दोन्हींच्या मध्ये राजूरचा घाट. माझ्या लहानपणी जगाचा भूगोल एवढाच होता.

मामांकडे फियाट होती. १९६७ सालची, अकराशे डिलाइट, रंग फिकट पिस्त्याचा. ती त्यांनी एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली आणि नवी म्हणून वापरली. मामा तिला 'स्पोर्ट्‌स कार' म्हणत. आता, जिला चार दारं आहेत, जिच्यात सात माणसं, दोन लोणच्याच्या बरण्या आणि एक रडणारं मूल मावतं, तिला स्पोर्ट्‌स कार म्हणणं म्हणजे बैलपोळ्याच्या बैलाला रेसचा घोडा म्हणण्यासारखं. पण मामांकडे पुरावा होता. मद्रासजवळ शोलावरमला लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत आणि त्यांत अशाच फियाट पळत. त्याचं वर्तमानपत्रात आलेलं एक चित्र मामांनी कापून दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. चित्रातली फियाट आणि मामांची फियाट यांत एकच फरक होता. चित्रातली पळत होती.

मामांची गाडी मलकापूर ते मोताळा उत्तम चाले. राजूर आलं की तिला खोकला सुरू होई. अर्ध्या घाटात रेडिएटरचं पाणी उकळे. मग मामा गाडी कडेला घेत, मामी खाली उतरून चाकामागे दगड लावीत आणि आम्ही पोरं पाण्याची कळशी काढत असू. हा दगड मामींचा स्वतःचा होता. काळा, त्रिकोणी, पाट्याच्या वरवंट्याहून थोडा मोठा. मामी तो घरून निघताना पायाशी ठेवून घेत. "वाटेत दगड का मिळत नाहीत?" असं मामा चिडून विचारत. "मिळतात. पण पाहिजे तेव्हा मिळत नाहीत," असं मामी म्हणत. हे उत्तर त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षीच सापडलं असावं, कारण त्या ते बऱ्याच बाबतींत वापरत.

इथे वाचकांना थोडा इतिहास ऐकावा लागेल. घाबरू नका, हाही एका माहेराचाच आहे.

जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या गृहस्थांनी मोटार तयार केली आणि १८८६ साली तिचं पेटंट घेतलं. पण गाडी अंगणातून फार लांब जाईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन निघाल्या. बरोबर दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा, एक तेरा वर्षांचा. कुठे? तर मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी! शंभर किलोमीटरहून थोडं अधिक अंतर. लांब पल्ल्याची पहिली मोटारयात्रा म्हणून इतिहासात नोंद झालेली ही सफर आईला भेटण्यासाठी झाली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक सासूला सांगण्यासारखी आहे.

वाटेत इंधन संपलं. ते बाईंनी औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली; ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढ आला, इंजिनाची ताकद पुरेना, तेव्हा पोरांनी गाडी ढकलली. इथपर्यंत सगळं आमच्यासारखंच. पण उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा बाईंनी गाडी एका चांभाराच्या दुकानापाशी उभी केली आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर लावण्याचा हा पहिला प्रयोग. घरी परतल्यावर त्यांनी नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे असंही सांगितलं. म्हणजे जुन्या गाडीत सुधारणा करण्याचा धंदा मोटारीइतकाच जुना आहे. आणि त्यातलं कामाचं तेवढं सगळं, जी बाई गाडीत बसून उतरली तिला सुचलं. ज्याने घरी बसून इंजिन केलं त्याला नाही.

तसं पाहिलं तर उताराचं शहाणपण आपल्याकडेही होतं. आमच्या भागात घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी खाली उतरे. खामगावची बाजारपेठ एवढी मोठी, की १८७० साली जलंबपासून तिथवर खास रेल्वेचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. भरल्या गाडीला उतारावर मागे ओंडका बांधत; तो जमिनीवर घासत येई आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नसे. उलट शंकरपटाच्या छकड्याला असलं काही नसतं. आमच्या वऱ्हाडातली खरी स्पोर्ट्‌स कार म्हणाल तर तीच! हलकी, बिनब्रेकची, आणि थांबायची जबाबदारी सर्वस्वी बैलांवर.

इंग्लंडातही डोंगराळ मुलखातले गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट घासत असं सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास ब्रेकला लावायचं अस्तर शोधून काढलं. सुती विणीची पट्टी, तिला डांबरासारख्या द्रावणात भिजवायचं. 'फेरोडो' हे ब्रेक लायनरचं प्रसिद्ध नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं खालीवर करून झालं आहे. कापूस म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाने त्यात आपला वाटा धरायचाच असतो. मी धरला आहे.

तर मामांनी एका उन्हाळ्यात ठरवलं, की गाडीचं इंजिन सुधारायचं. इंजिन १०८९ सी.सी.चं. ते मलकापुरातच, कडुलिंबाखाली, मिस्त्रीने उघडलं. बोअर मारलं, नवे पिस्टन घातले, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड थोडं खरवडलं, म्हणजे दाब वाढतो आणि इंजिन जास्त जोर काढतं. कार्ब्युरेटरचं जेट मोठं केलं. सायलेन्सर असा बसवला की गाडी येण्याआधी आवाज यावा. महिनाभर मामा दुकानात कमी आणि कडुलिंबाखाली जास्त. मिस्त्री शेवटी म्हणाला, "बाबूजी, बिरीक पाहाचे राह्यले."

मामा म्हणाले, "पुढच्या महिन्यात."

हा 'पुढचा महिना' मोटारीच्या इतिहासात फार मोठा असतो. पहा ना, डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात लँचेस्टरने १९०२ सालीच घेतलं होतं. पण ते तांब्याचं अस्तर चकतीवर असं किंचाळे, की माणसं पळून जात. पुढे पन्नास वर्षं जगाने इंजिनं वाढवली आणि ब्रेकला 'पुढच्या महिन्यात' म्हटलं. सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक मागच्याच चाकांना. पुढच्या चाकांना लावला तर गाडी उलटेल अशी भीती! तेलाच्या दाबावर चालणारे चारही चाकांचे ब्रेक १९२१ साली ड्युसेनबर्ग या अमेरिकन गाडीत आले. अखेर १९५३ साली फ्रान्समध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीने डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरवल्या आणि शर्यत जिंकली. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला वळणाआधी उशिरा ब्रेक लावता येतो, तो सरळ रस्त्यावर जास्त वेळ पळू शकतो. म्हणजे ब्रेक चांगला असेल तर गाडी वेगात जाते! हे त्या वेळी कोणी मामांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चहा पाजून बाहेर काढलं असतं.

योगायोग असा की त्याच १९५३ साली इटलीत फियाट अकराशेचं हे नवं रूप बाजारात आलं. ते पुढच्याच वर्षापासून आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जुळू लागलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती हीच. १९६४ साली डिलाइट आली. इटलीत या डिलाइटच्या जोडीदारणीला १२२१ सी.सी.चं इंजिन होतं. आपल्याकडे मात्र १०८९. मामांना ही गोष्ट फार लागली होती. "इटलीवाल्यांनी मोठं इंजिन घरी ठेवलं आणि लहान आपल्याला दिलं," असं ते आमच्या ताटात लहान पुरणपोळी पडल्याच्या आवाजात सांगत.

पण पुढचं त्यांना माहीत नव्हतं. १९६६ साली इटलीने अकराशेची नवी आवृत्ती काढली. तिच्यात इंजिन परत १०८९ सी.सी.वर आणलं आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले! इंजिन लहान, ब्रेक मोठा. आपण काय केलं? आपण ड्रम तेच ठेवले आणि गाडीचं नाव बदललं. आधी प्रेसिडेंट, मग १९७४ साली पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव दिल्यावर ब्रेक कोण विचारतो?

यात कारखान्याला तरी काय म्हणायचं! परवान्यांचा जमाना. नाव नोंदवल्यावर गाडी मिळायला वर्षानुवर्षं लागत. मुलगा शाळेत गेला की नंबर लावायचा आणि तो नोकरीला लागला की गाडी आणायची, असा हिशेब. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना माल सुधारायची घाई कोणाला असते? बाहेरून नवं तंत्र आणायचं तर त्यालाही दिल्लीची परवानगी. तेव्हा गाडी सुधारायची ती गिऱ्हाइकाने, घरी आणल्यावर. कारखाना कुर्ल्याला असला तरी त्याचा सुधारणा विभाग गावोगाव कडुलिंबाखाली होता, आणि त्या विभागात पैसे देणारा नेहमी इंजिनाचेच देई. कारण इंजिनाचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो. ब्रेकचा ऐकू गेला तर तो बिघडलेला असतो.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा वर आले. घाट एका दमात! पाणी उकळलं नाही, कळशी निघाली नाही, दगड मामींच्या पायाशी तसाच. आमच्या दारात मामांनी हॉर्न वाजवला तो विजयाचा होता. ओवाळणीत आईला साडी मिळाली आणि मामांना पूर्ण संध्याकाळ घाटाबद्दल बोलायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ते परत निघाले. मी तेव्हा अकरा वर्षांचा. सुट्टीला म्हणून मागच्या सीटवर. घाट सुरू झाला तसा मामांनी गाडी टॉप गिअरमध्येच ठेवली. "पाहा, कशी पळते," असं म्हणत त्यांनी पहिली दोन वळणं घेतली. प्रत्येक वळणाला ब्रेक, वळण संपलं की पुन्हा वेग. चौथ्या-पाचव्या वळणाला वास आला. मामी म्हणाल्या, "काहीतरी जळतंय." मामा म्हणाले, "शेतात पेटवलं असेल." पुढच्या वळणाला मामांचा पाय खाली गेला आणि खालीच राहिला. गाडी थांबायच्या ऐवजी विचारात पडल्यासारखी पुढे चालली.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मामांची मान एकदम ताठ झालेली. एका हाताने हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंगजवळचा गिअर जोरात खाली घातलेला, आणि नव्या इंजिनाने फोडलेली किंकाळी. उजव्या बाजूला दरी. दरीत पळसाची झाडं. त्यांची पानं मी त्या क्षणी मोजू शकलो असतो. डाव्या अंगाला, डोंगराच्या बाजूने, रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. मामांनी गाडी त्यात घातली. गाडी ढिगावर अर्धी चढली, थरथरली, आणि तिथून पुन्हा मागे घसरू लागली.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. मामी खाली उतरल्या होत्या आणि दगड चाकामागे होता.

कोणी बोललं नाही. चाकांतून धूर येत होता. थोड्या वेळाने एक एस.टी. वरून आली आणि थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून एकदा धूर पाहिला, एकदा मामांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा." मामांनी आयुष्यात कोणाचं व्याख्यान एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मलकापूरला मिस्त्रीने ड्रम काढले. लायनर झिजून कागद झालं होतं आणि रिपीट ड्रमला लागून ड्रमवर चरे पडले होते. आत फुंकलेल्या भाकरीचा वास. "बाबूजी," मिस्त्री म्हणाला, "घोडं तं नवं केलं, लगाम जुनाच ठेवला. आता पाहा, वेग दुप्पट झाला का थांबवाले चौपट जोर लागते. इंजिनात जेवढा पैसा टाकसान, तेवढा भार बिरकावर येते. ड्रम तापला का फुगते, शूपासून दूर जाते, मंग पाय खाली जाते. त्यात तेल जुनं, त्याच्यात पानी मुरलं, त्याची वाफ झाली." हा मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेला होता. पुढे कॉलेजात आम्हाला हेच गणिताच्या चिन्हांत शिकवलं, तेव्हा मला त्यातलं काही नवं वाटलं नाही. फक्त वास नव्हता.

मामांनी विचारलं, "पण इंजिनच बंद पडलं असतं तर?"

"इंजिन बंद पडलं तं मानूस उभा राह्यते," मिस्त्री म्हणाला. "बिरीक गेला तं मानूस उभा राहत नाई."

त्या आठवड्यात चारही चाकांची लायनरं नवी झाली. ड्रम टर्निंग करून घेतले, मास्टर सिलेंडरचे आणि चाकांच्या सिलेंडरचे वॉशर बदलले, रबरी नळ्या बदलल्या, जुनं तेल काढून नवं भरलं आणि पायडल मारूनमारून हवा काढली. खर्च इंजिनाच्या पाव हिश्शाएवढाही आला नाही. मामा नंतरही गाडीला स्पोर्ट्‌स कार म्हणत. पण घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, एस.टी.च्या मागे. मामींनी त्या प्रसंगावरून त्यांना आयुष्यात एकदाही टोमणा मारला नाही. दगड मात्र पायाशी राहिला. टोमण्याचं काम तो करीत असे.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. फियाटचेही दिवस गेले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. मामांची गाडी वाटणीत माझ्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. आणि आता मीच मामा झालो आहे. माझा भाचा पुण्याला इंजिनिअर आहे. तो आला, बॉनेट उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांत मला शोलावरमचं चित्र दिसलं.

"मामा, हिला नवं इंजिन बसवू. पाच गिअरचा बॉक्स. आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी जातो. एकशेवीसची मर्यादा आहे तिथे!"

मी त्याला कायदा सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येतील तसे बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची मंजुरी आणि नोंद लागते. शिवाय २०२१ साली नवे नियम आले आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो, 'व्ही ए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात पाहिजे, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नको. आणि ती पाटी लागली की गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची.

भाचा म्हणाला, "म्हणजे काहीच करता येणार नाही."

मी म्हटलं, "अरे, ही गाडी जन्मभर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर पडली. सरकारने फक्त वस्तुस्थितीला मान्यता दिली आहे."

शेवटी तडजोड झाली. इंजिनाला हात लावायचा नाही. आधी ब्रेक. त्या जुन्या मिस्त्रीचा नातू आता त्याच कडुलिंबाखाली बसतो. त्याने ड्रम काढले, आणि भाच्याने पहिल्यांदा नखाने लायनरची जाडी पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं शोलावरम हळूहळू उतरलं. दोन दिवस तो तिथेच बसून होता, हवा काढायला पायडल मारत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, एकदा घाटात बघू या. चढायला नाही. उतरायला."

मामी आता नव्वदीला आल्या आहेत आणि आमच्याकडे, वर, असतात. त्यांना गुडघ्यांमुळे फारसं कुठे जाता येत नाही. पण गाडी दारात उभी राहिलेली पाहून त्या काठी टेकत बाहेर आल्या. भाच्याने त्यांना नवे सिलेंडर, नव्या नळ्या, तेलाचा दर्जा असं सगळं समजावून सांगितलं. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढचं दार उघडून त्या सावकाश आत बसल्या, पदर सावरला, पायाशी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या,

"हे सगळं ठीक आहे रे. दगड कुठंय?"